निधान

किल्ली देतो, रेणू. थांब.
आधी चाकांना हात लाव,
पूजेला नव्हे गं, हवा बघायला.
मार्केट यार्डात रात्री दीडला माल भरतील,
हमाल म्हणतील, अजून चार पोती बटाटा बसतो की.
बसतो. बसतोच.
आणि चोर्ल्याच्या उतारावर तोच बटाटा
मागून तुझ्या पाठीवर हात ठेवतो
आणि ढकलतो.
चार पोती खाली ठेव. शिव्या खा.

पिरनवाडी सुटली की रेडिओ बंद.
कुसमळीच्या पुलावर समोरच्याला आधी जाऊ दे,
तो कोण का असेना.
जांबोटीत चहा घे, झोप आली नसली तरी.
झोप सांगून येत नाही,
आणि तोंडावर पाणी मारलं तर जात नाही, नुसती भिजते.
आनंदव्वाच्या दुकानापुढं गाडी लाव,
काच दोन बोटं उघडी ठेव, दार आतनं लाव,
अर्धा तास पड.
तिला मी सांगून ठेवलंय.

तिथनंच घरी फोन कर. पुढं मोबाइल मुका होतो.
गवा रस्त्यात उभा असला तर हॉर्न नाही,
दिवे खाली, इंजिन चालू, गप्प बसायचं.
रस्ता त्याच्या आज्याचा.
आपण टॅक्स भरतो, त्याचं त्याला काय?

धुक्यात मोठा दिवा लावू नकोस,
मोठा दिवा धुकंच उजळतो,
पुढ्यात पांढरी भिंत उभी करतो.
बारीक दिवा, डावीकडची रेघ.
रेघ पुसली असेल तिथं गवताची कड.
कडही नसेल तिथं
थांब.
कोथिंबीर सुकेल. सुकू दे.
उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे
मी ओळखत होतो.
होतो.

मला तेव्हा पाट्या वाचता यायच्या नाहीत.
क्लीनर होता बसण्णा, बैलहोंगलचा,
खिडकीतनं अर्धा बाहेर लोंबकळून ओरडायचा,
"निधान! मामा, निधान!"
मी मनात म्हणायचो, कुठं पुरलंय?
ह्याला दरीत मोहरांचा हंडा दिसतोय काय?
दोन पावसाळे गेले तेव्हा कळलं,
त्यांच्यात निधान म्हणजे हळू.
आम्ही त्याच रात्री पोट धरून हसलो,
तिसऱ्या वळणावर, गाडी बाजूला घेऊन.

आता वाचतो मी. तूही वाचशील.
गोल अक्षरं, एकेकाला वळण,
पाटीच घाटासारखी लिहिलेली.
गावात पाट्यांना डांबर फासतात,
इकडचे फासतात, तिकडचे फासतात.
घाटात फासलेलं मी बघितलं नाही.

एक रात्र सांगतो, मग जा.
पाऊस असा की वायपर नुसताच हात जोडत होता.
वळणावर लाल काहीतरी हललं.
एक बाई, बॅटरीला परकराचा लाल तुकडा बांधलेली,
ओरडत होती,
निल्ली, राव रे, थांब,
तिन्ही एका दमात.
मला एकही ऐकू आलं नाही.
लाल बघून पाय दाबला.
काच खाली केली तर
पुढं रस्त्याच्या जागी
पाण्याचा आवाज.

तिचं कोण खाली गेलं होतं का,
मी विचारलं नाही, ती बोलली नाही.
बसण्णा कणकुंबीकडं धावला गाड्या अडवायला,
मी दगड मांडत बसलो,
ती उजाडेपर्यंत उभी.
चहा दिला तर कप दोन्ही हातांत धरला,
प्यायली नाही.
फिलोमेना म्हणाली नाव.
पुन्हा दिसली नाही कधी.

पुढच्या खणात बॅटरी आहे, लाल कापड आहे.
सेल दर अमावस्येला बदल, जुने चालत असले तरी.
ते तुझ्यासाठी नव्हेत,
मागनं येणाऱ्यासाठी.

घे.
दुसरा गियर जरा अडतो.
हिसडा देऊ नकोस.