दोन सूत

जरग मास्तरांनी आम्हाला "पळा" म्हटल्याचं
मला तरी आठवत नाही.
म्हणायचे, "दोन सूत पुढं."
उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस,
मैदानसुद्धा फुटात मोजायचा नाही.

पहाटे साडेपाचला तालमीच्या भिंतीला सायकल टेकवायचे.
शिट्टी नव्हती.
पान्यानं गोलच्या खांबावर दोन ठोके,
तेवढ्यावर अख्खी गल्ली जागी.
बोटांच्या चिरांत काळं तेल मुरलेलं,
त्याच बोटांनी आमच्या बुटांच्या नाड्या आवळायचे,
नट आवळावा तशा.

स्वतः डाव्या बाजूनं खेळायचे म्हणे.
गुडघा कधी गेला, कसा गेला,
ते त्यांच्या आईला आणि बावड्याच्या हाडवैद्यालाच ठाऊक.
आम्ही विचारलं तर म्हणायचे,
"जॉब रिजेक्ट झाला. पुढचा लावा."

आठ वर्षांत चार चषक.
चौथ्याला गुलालानं गटारं लाल झाली,
हलगी रात्रभर पेठेतून फिरली
आणि मास्तर तिसऱ्या पाळीला कामावर.
फोटोत आम्ही सगळे आहोत,
मारुतीचा पुजारी आहे, कुणाचंतरी शेळीचं करडू आहे.
ते नाहीत.

नवव्या वर्षी उपांत्य फेरीतच हरलो.
बैठकीत कुणीतरी म्हणालं, मास्तरनं पैसं खाल्लं.
कोण म्हणालं ते मला माहीत आहे.
मी खाली मान घालून
सतरंजीचे दोरे मोजत होतो.
मास्तर उठले. तालमीची किल्ली मारुतीपुढं ठेवली
आणि सायकलवर टांग टाकली.

पुढच्या मोसमात ते दिसले
खालच्या पेठेच्या बाकावर.
खालच्या पेठेच्या!
शाहू स्टेडियमवर आमच्या बाजूनं जे ओरडलं गेलं
ते इथं लिहिता यायचं नाही.
माझ्या सख्ख्या चुलत्यानं चप्पल भिरकावली.
मास्तरांनी ती उचलून बाकाखाली नीट ठेवली,
जोडीतली दुसरी यायची आहे, अशी.

फायनल पेनल्टीवर गेली.
गोलमध्ये मी.
शेवटचा फटका मारायला त्यांचा आसिफ मुजावर,
मिसरूडही न फुटलेला.
त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.
मी उजवीकडं झेपावलो.
चेंडू डावीकडून आत गेला,
चालत गेल्यासारखा, सावकाश.

फटाके त्यांच्या बाजूला.
मी मातीत तोंड घालून.
पाठीवर हात पडला, तेलाचा वास आला.
"उजवा खांदा आधी पडतोय तुझा, लेका.
दोन सूत.
तुला नऊ वर्षं सांगितलं.
त्याला काल एकदाच."

अजून आमच्या पेठेत त्यांना चहाला कुणी बोलवत नाही.
मी नेतो, रंकाळ्याच्या पलीकडच्या अंगाला,
रस्त्याकडं पाठ करून बसतो.
माझ्या हाताखाली आता चौदा पोरं आहेत.
त्यांची चौकशी करतात, नावानं नव्हे,
"तो डावरा काय म्हणतोय?"
"आणि ते उंच भित्रं?"
त्या बैठकीचं कधी काढत नाहीत.
हात थरथरतात हल्ली,
पण कप बशीच्या मधोमध नसला
तर बोटानं सरकवतात.