उतरवायचं काय तिथे?

टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, एकावर आईचा चष्मा,
उरलेल्या दोन्हींवर बाबांचे हात.
एकतीस वर्षं स्टिअरिंगवर होते तसेच,
दहा वाजून दहा मिनिटांवर.

इंडिओ ते एल पासो. दहा नंबरचा हायवे.
लेट्यूस, द्राक्षं, खजूर, एकदा नुसता बर्फ.
रस्ता बाबांना पाढ्यासारखा पाठ:
कुठल्या चढावर इंजिन धापा टाकतं,
विलकॉक्सच्या पंपावर कॉफी जळकी का लागते,
लॉर्ड्सबर्गपुढे धूळ उठली
की कडेला घेऊन, दिवे मालवून
कसं निपचित पडून राहायचं.

आणि त्या तपकिरी पाट्या? आत वळणारे बाण?
'होते की. दर खेपेला दिसायचे.'
'मग?'
'मग काय. माल नासतो.'

म्हणून ही पहिलीच सहल.
मी यादी वाचते.
जोशुआ ट्री, दोन रात्री. सग्वारो, एक.
मग व्हाइट सँड्स, तिथली वाळू म्हणे
भर उन्हातही तळव्यांना गार लागते.
जायचं फेब्रुवारीतच. जूनमध्ये
सावलीसुद्धा सावली शोधत फिरते.
पाणी माणशी रोज एक गॅलन, शिवाय गाडीचं वेगळं.
लोक पाण्यासारखा पैसा उडवतात,
आपण पैशासारखं पाणी मोजायचं.
स्टेपनी. टॉर्च. कागदी नकाशा. कंगवा.
'कंगवा?'
'चोया निवडुंगाचा गोळा अंगाला चिकटला तर उपटायला.'
आई बाबांच्या तुळतुळीत डोक्याकडे बघते
आणि खोकल्याचं निमित्त करून हसते.

तिथे फोनला रेंज नाही, मी सांगते.
आता मात्र आई उठते.
फ्रिजवरचा बिस्किटांचा डबा खाली काढते.
आत जुन्या कॅलेंडरांची पानं,
मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं बारीक अक्षर:
ब्लाइथ, ९.४०, जेवला.
बेन्सन, पाऊस.
डेमिंग, आवाज बसलाय, लपवतोय.
टूसॉन, टूसॉन, टूसॉन. त्या आठवड्यात गाडी बंद पडली होती.
'मी हा सगळा रस्ता ऐकलाय,' ती म्हणते.
बाबा पानं उलटत राहतात.
एका पानावर नुसती वेळ आहे, रात्रीची तीन, गाव नाही.
ते पान ते दोनदा बघतात.
कोणीच काही विचारत नाही.

मग घसा खाकरून, कामाचं बोलावं तसं:
'बरं. पोचलो. उतरवायचं काय तिथे?'
'काही नाही, बाबा.'
'भरायचं?'
'काहीच नाही. खडासुद्धा उचलायला बंदी आहे.'
'मग करायचं काय?'
'बसायचं. बघायचं.'
'किती वेळ?'
याचं उत्तर माझ्या यादीत नाही.
मी घाईघाईनं सांगते की व्हाइट सँड्सला कधीकधी
क्षेपणास्त्रांची चाचणी असते, रस्ता दोनेक तास बंद.
त्यावर ते पहिल्यांदा खुलतात.
'ते जमेल. वाट बघणं मला येतं.
अर्धं आयुष्य गोदामांच्या दारात नंबर लावून काढलंय.'

कपाटातून जुनं लॉगबुक येतं,
कव्हरवर ठळक: अन्सेल्मो बराझा.
आत चार रांगा: ड्यूटी नाही, झोप, ड्रायव्हिंग, काम.
वरची रांग ते पट्टी न घेता धरतात,
मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत एकच रेघ,
एका खाचखळग्याशिवाय.
असं पान या वहीत आजवर नव्हतं.

'आणि गाडी कोण चालवणार?' मी विचारते.

आईनं नकाशावरून चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला.
धरायला बाबांचे हात तिथे नव्हतेच.
तो कोपरा सुटला,
आणि एल पासो घरंगळत घरंगळत
इंडिओपाशी येऊन थांबलं.