समुद्रसपाटीपासून

दापोलीच्या एजंटने दिलेलं रंगीत पत्रक
चार दिवस फिरतंय ताटांमधून.
त्यावर आता सोलकढीचा एक गुलाबी ठिपका आहे,
बरोबर हिमनदीवर.

एक जूनला मासेमारी बंद. बोटी शाकारतील.
हर्णै बंदरात बर्फ कुणाला लागणार मग?
एरवी सुटी नसतेच आम्हाला.
तेव्हाच जायचं, चारूने ठरवून टाकलंय.
"लग्न होऊन आले तेव्हापासून बर्फ बघतेय.
लादी, चुरा, भुसा, पोतं.
एकदा तरी बघायचाय
कुणी न केलेला बर्फ."

यावर मी काय बोलणार?
माणशी दोन लाख दहा हजार, व्हिसा वेगळा.
म्हणजे किती लाद्या, हे मनात मोजलं
आणि कुणाला सांगितलं नाही.

केतकीच्या यादीत थर्मल, हातमोजे, लोकरीचे मोजे.
हर्णैत स्वेटर कुणाकडे असणार?
शोधून शोधून एक निघाला,
जहाजावरून निवृत्त झालेल्या हिराजी चोगल्यांचा,
डांबरगोळ्यांच्या वासाचा,
एका बाहीला कसरीने खाल्लेलं भोक.
तिने तो घालून पाहिला भर एप्रिलात,
पंख्याखाली, आरशापुढे,
आणि घामाने निथळत म्हणाली, बसतोय.

चारूची काळजी निराळी.
सुकट नेता येईल का?
वास सुटला तर विमानातून उतरवतील?
तीन पिशव्यांत एक पुडी बांधून
तिने ती साड्यांच्या कपाटात ठेवली आहे, परीक्षेला.
रोज दार उघडून हुंगते.

आबा म्हणाले, मी नाही येत.
का, म्हटलं, तर नुसता गुडघा पुढे केला.
आणि रात्री पाहतो तर पत्रक नाकाशी धरून
बोटाने वाचतायत, एकेक अक्षर:
समुद्रसपाटीपासून तीन हजार चारशे मीटर.
"कंच्या समुद्रापासून?"
सगळा एकच की, आबा. आपलाच धरा.
"मग भरतीची सपाटी, का सुकतीची?"

मला उत्तर येईना.
उठून धक्क्यावर गेलो.
मागे कारखान्याचा कॉम्प्रेसर धडधडत होता,
समोर उधाणाचं पाणी चौथ्या पायरीला लागलेलं.
पहाटे तेच पार खाली जाईल,
खडपं उघडी पडतील, कालवं काढायला बायका उतरतील.
जगातले सगळे डोंगर
ह्या हलत्या पाण्यापासून मोजलेले,
आणि आम्ही इथेच उभे,
शून्यावर,
चप्पल भिजू नये म्हणून एक पायरी मागे सरकत.

परतलो तेव्हा आबा झोपले होते, चष्म्यासकट.
पत्रकाच्या कडेला त्यांचं वाकडं अक्षर:
"तिथला बर्फ किती तास टिकतो? विचारणे."

सकाळी चारू पुड्या बांधायला बसली.
परीक्षा पास झाली म्हणाली.
तिघांच्या तीन.
मी दोनदा मोजल्या.
चार होत्या.