खुलाशाचा कच्चा मसुदा

प्रति, माननीय सचिव.
विषय: कु. स्रवंती इप्पलपल्ली, चारशे मीटर,
हिने मैदानात अनधिकृत चिन्ह वापरल्याबाबत.

महोदय,
ते चिन्ह नव्हतं, टॉवेल होता.
दोन्ही काठांना मोर,
अक्कलकोट रोडला तिच्या बापाच्या मागावर विणलेला,
कोपऱ्यात धाग्यातच लिहिलेलं: सोलापूर.
(मोर खोडावेत. मोरांवरून वेगळा अर्थ निघेल.)

आमची पोरगी सहावी आली.
सातवी आली तिच्या छातीवर नुसता नंबर.
देशाला युद्धापायी बंदी,
पोरींना पळायची मुभा, झेंडा गेटबाहेर ठेवून.
शर्यत संपली, बाकीच्या आपापले झेंडे पांघरून फिरल्या
आणि ही उभी,
आहेर विसरून लग्नाला आलेल्या बाईसारखी,
हात कुठं ठेवावेत ते न कळून.
स्रवंतीनं तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला.
फोटो निघाला. बस, एवढंच.

एवढंच नाही, हे मलाही कळतं.
दोन नंबरच्या लेनमधली पोरगी
जिच्या गावावर बॉम्ब पडले ती,
तिनं त्या नंबरवालीचा हात हातात घेतला नाही.
तिचंही बरोबरच.
तिला टॉवेल कुणी दिला?
(हा प्रश्न खुलाशात नको.)

एकतीस वर्षं पार्क मैदानावर मी ओरडतोय,
चपला आणि राजकारण गेटबाहेर काढा रे.
पोरं चपला काढतात.
दर निवडणुकीला मांडव पडतो
तो चौथ्या लेनवर,
खांब निघतात, खड्डे राहतात.
स्रवंती त्याच लेनमध्ये वाढली.
परदेशातल्या निळ्या, गुळगुळीत ट्रॅकवरसुद्धा
शेवटच्या वळणाला तिचं पाऊल अर्धं आखडतं,
नसलेला खड्डा चुकवतं.
अर्धा सेकंद जातो, महोदय.
त्याचा खुलासा मी कुणाकडं मागू?

काल चार पुतळ्यांवरून येताना थांबलो.
ह्याच गावानं एका झेंड्यापायी मार्शल लॉ सोसला.
तेव्हा कुणी म्हणालं असेल का
कापडाचा तुकडा तो, कशाला एवढं?
आणि मी काय लिहितोय,
कापडाचा तुकडा तो.

तिला विचारलं, का दिलास?
म्हणाली, घाम पुसायला, सर.
मी गप्प बसलो. तीही.
मग भज्याचा कागद चुरगाळत म्हणाली,
तिच्या अंगावर काहीच नव्हतं की ओ.
हे वाक्य तुम्हाला कळवू की नको
ह्यात दोन चहा गार झाले.

फोन येतात. कुठल्या बाजूची तुमची पोरगी?
सांगतो, चौथ्या लेनची.
समोरचा चिडून ठेवून देतो.

रात्री तिची आई भेटली, विड्यांची टोपली काखेत.
तिला नोटीस वाचून दाखवली,
आधी मराठीत, मग मोडक्या तेलुगूत.
सगळं नीट ऐकलं तिनं.
मग विचारलं,
परत दिला का ओ त्या पोरीनं?
जोडीतला होता.
दुसरा घरी दोरीवर वाळतोय.

कळावे.
(कळावे खोडावे.)