लिंबच्या विहिरीतून

केतकी फोनवर स्मोलेन्स्कचा तट दाखवते,
लाल विटांचा, घोट्यापर्यंत बर्फात.
"बुरूज मोजा, आबा."
सातपर्यंत येतो, तर तिचा हात गारठतो,
चित्र हलतं.

मग देवळाचे सोनेरी घुमट.
मी म्हणालो, लोणंदच्या बाजारातले कांदेच की!
तिची तिथली मैत्रीण हसली,
मराठी न कळता.

आता माझी पाळी.
चपला वर काढून
बारा मोटांच्या विहिरीत उतरतो.
रविवार, म्हणून पुण्याची माणसं
दगडी सिंहाच्या गळ्यात हात टाकून उभी.
पायऱ्यांवर माझा गुडघा बोलतो,
मी दम राखून.

"हा आमचा बुरूज," सांगतो,
"खाली बांधलेला."
मैत्रीण काहीतरी विचारते.
केतकी म्हणते, ती विचारतेय, मग वर काय आहे?
वर काय असणार?
ऊस. आंब्याची झाडं. शिंद्यांची बांधलेली म्हैस.

तळाशी जाऊन फोन वर धरला,
आठ कोनांत कापलेलं आभाळ दिसावं तिला म्हणून,
तर रेंज गेली.
पडद्यावर केतकी थिजली,
ओठांपुढे वाफ,
"आबा"मधल्या "आ"वर.

वरून कुठलंसं पोर ओरडलं
आणि विहिरीनं ते दोनदा परत केलं.
वर गेलं की फोन लागेल.
गुडघा म्हणतो, बस जरा.