पंधरा अक्षरी

फेरीबोटीचा रॅम्प वर उचलला की खेळ सुरू.
दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीच्या तोंडावर दहा मिनिटं,
पाणी उलटं असेल तर पंधरा.
तेवढ्यात पुढच्या गाडीच्या नंबरातली दोन अक्षरं घ्यायची
आणि ती दोन्ही पोटात घेऊन बसलेला
लांबात लांब इंग्रजी शब्द काढायचा.
हरेल त्याचा चहा.

नियम दिलावरचाचांचे, तिकिटं माझी.

बत्तीस वर्षं परदेशी जहाजांवर काढून
चाचा आता आमच्या बोटीवर दोर टाकतात,
गाड्यांना म्हणतात, येऊ दे, येऊ दे, बस्स.
त्यांचा शब्दकोश खाऱ्या हवेनं पावासारखा फुगलेला,
त्यातली 'एस'ची पानं कुठेतरी गळून पडलेली.
एसवरून सुरू होणारा शब्द अडला की म्हणतात,
तो डर्बनला उतरला.

पुण्याची गाडी आली, जे के.
मी ओरडले, जॅकफ्रूट! नऊ.
चाचा हसले. इंग्रजीत जाऊनसुद्धा फणसच?
मग के डब्ल्यू. मी तिकिटांच्या पुस्तकात बघत होते,
ते कठड्यावरून खाली.
बॅकवॉटर, म्हणाले. नऊ.
पायाखालीच होता गं.

आय आणि ओ नंबरात कधी येत नाहीत.
एक आणि शून्यासारखे दिसतात म्हणून गाळले, म्हणे.
दोघंही शब्दांत मात्र जागोजाग भेटतात,
बिननंबरी.

एकदा मी म्हटलं, मराठीत खेळू.
जमेना. मोजायचं काय?
'वाशिष्ठी'त अक्षरं तीन की पाच की सात?
चाचा म्हणाले, इंग्रजी अक्षरं म्हणजे ह्या रांगेतल्या गाड्या,
बंपरला बंपर, मोजायच्या आणि तिकीट फाडायचं.
आपली अक्षरं शिमग्याला निघालेली पोरं,
एका स्कूटरवर तिघं,
रफार डोक्यावर बसलेला, उकार खाली लोंबतोय,
तू तिकीट किती जणांचं फाडशील?

मे महिन्यातली एक संध्याकाळ. पांढरी गाडी, यू डब्ल्यू.
मी अंडरवॉटर काढला, दहा.
चाचांच्या खिशातले चहाचे पैसे मला दिसू लागले.
ते साखळी धरून उभे होते,
खांबाला दोर सोडावा तसं एकेक अक्षर सोडत गेले:
यू, एन, एस, ई, ए...
मी बोटं दुमडत होते, बोटं संपली,
पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं.
अनसीवर्दीनेस.
पंधरा.

म्हणजे काय?
समुद्रात न्यायच्या लायकीचं न उरणं. जहाजाचं.
'सीवर्दी'चं पान डर्बनला गेलं,
'अन'चं तेवढं राहिलं माझ्याकडे.

आणि माणसाचं, चाचा?
माणसाला फॉर्मवर एवढी जागा नसते.
अनफिट. पाच.

बोट जरा तिरकी झाली.
गाडीतल्या बाईनं काच खाली करून विचारलं,
डॉल्फिन कुठे दिसतात हो?
चाचांनी हात केला,
नेमका कुठेच नाही, नुसता पश्चिमेकडे.

त्या दिवशी त्यांनी दोन चहा प्यायले, बशीत ओतून,
फुंकर न घालता.

काल एक नवी कोरी जीप चढली.
बोनेटला झेंडूचा हार, काचेवर हळदीकुंकवाची बोटं,
नंबर अजून यायचाय.
मी म्हटलं, आज खेळ नाही.
उलट, चाचा म्हणाले, आज कुठलंही अक्षर चालतं,
कुठलाही शब्द.
आम्ही दोघं त्या कोऱ्या पाटीकडे बघत राहिलो.
घार एक चक्कर मारून गेली,
धोपाव्याचा धक्का जवळ आला, इंजिन मंदावलं,
आणि एकही शब्द सुचेना.

मग चहा कोणाचा, यावरून भांडलो.