नोंदीत गोटा आहे

पात्याच्या मुळाशी, मुठीत शिरायच्या आधी,
एक खूण आहे. मसुराच्या दाण्याएवढी.
गिऱ्हाईक चष्मा कपाळावर सारून बघतं:
ढग का? पाव का? कान?
परवा एका पोरानं विचारलं, हे कोणाचं मूत्रपिंड?
त्याचा बाप खाटीक होता, त्यानं सुरी घेतली.

मी म्हणते, गोटा. नोंदीत गोटा आहे.
आणि ते खोटं नाही.
तिएर गावच्या कारागिरांच्या जाड वहीत
बारीक तिरक्या अक्षरात लिहिलंय:
ब्लेझ फायोल, सहाणेवाला. खूण: गोटा, नदीतला, एक.

नदी म्हणजे द्युरोल.
उतारावरून पडत यायची, दर वळणाला एक चाक फिरवायची.
चाकावर आडवी फळी, फळीवर पालथा माणूस,
नाक दगडापासून वीतभर.
हातावर पोट असलेली माणसं सगळीकडेच असतात.
इथली पोटावर पडून पोट भरत.
दगडाचं पिवळं पाणी सदऱ्यातून आत मुरायचं.
पिवळपोटे, म्हणायचे त्यांना वरच्या आळीतले,
ज्यांची पोटं कोरडी होती.

जानेवारीत खाली नदी, वर ओलं अंग.
पोलादाला पाणी द्यायचं आणि आपल्या पायातलं रक्त गोठवायचं.
म्हणून कुत्रा.
पोटऱ्यांवर वेटोळं करून दिवसभर पडायचा,
तेवढंच त्याचं काम.
ब्लेझची कुत्री होती, मार्मोत.
मजुरी म्हणून चीजची साल.
तिनं कुणाला वाचवलं नाही, चोर पकडला नाही.
गोष्ट त्या दिशेनं जात नाही.
अकरा हिवाळे ती झोपली. बस.

ब्लेझनं पोलादात ती कोरली, नाक शेपटीखाली,
आणि ठोकणी घेऊन गेला वहीपाशी.
कारकून म्हणाला, कुत्रा आहे आधीच.
ब्रुनेलांचा. उभा, शेपूट वर.
माझी झोपलेली आहे.
झोपला तरी कुत्रा तो कुत्राच.
मग कारकुनानं शिशाच्या पत्र्यावरचा ठसा
खिडकीशी धरला, बराच वेळ.
मला तर, म्हणाला, हा गोटा दिसतो.
ब्लेझ गप्प बसला.
मेजाखाली कारकुनाचे पाय शेकत होते, निखाऱ्यांच्या पेटीवर.

मग गोट्याचे अर्थ वाढत गेले.
पणजोबा म्हणायचे, संयम.
आजोबांनी छापून घेतलं: नदीच्या गोट्यासारखी टिकाऊ.
एका उन्हाळ्यात एक पाद्री आला,
त्याला त्यात पीटरचा खडक दिसला,
त्याला आम्ही दोन सुऱ्या कमी भावात दिल्या.

आत्या लेओनीनं मला सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची.
सुरी दे मला, म्हणाली.
मी टोक पुढं केलं. तिनं हातावर चापट मारली.
अशी नाही. पातं तू धर, मूठ समोरच्याला.
आता बघ.
मूठ आपल्या हातात असली की गोटा.
देताना सुरी उलटी होते,
आणि पात्यावर, अंगठ्याच्या नखाशी,
कान, पाठ, आत घेतलेलं नाक.

गेल्या महिन्यात क्लेर्माँहून एक मुलगा आला,
लॅपटॉपवर त्यानं खूण मोठी केली, दारभर.
कान जरा वर काढू, म्हणाला, शेपूट सुटी करू.
लोकांना पटकन कळायला हवं.
हुशार आहे. चुकतोय असंही नाही.
मी त्याला कॉफी दिली, पाव कापायला सुरी दिली,
मूठ त्याच्याकडे करून.
त्यानं पाव कापला.

ठोकणीची कड झिजलीय. नाक मागच्या वर्षीच गेलं,
कान दर शंभर पात्यांमागे थोडा थोडा.
वही हळूहळू खरी ठरतेय.
नवी कोरायला हवी, शनिवारी बसेन.
आज चाळीस पाती ठोकायची आहेत,
मेजाखाली विजेची शेगडी लाल झालीय,
नडग्या भाजतात,
पोटऱ्या गारच.